सोलापुरातलं चिकन आणि फॉर्मालिनचा शोध: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

विषय मंजूर झाला. एम.एस्सी. विश्लेषण रसायनशास्त्र, तिसरं सत्र, आम्ही दोघी. 'बाजारात विकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसातील रासायनिक परिरक्षकांचे अंश.' परिरक्षक म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ती रसायनं. कागदावर भारदस्त दिसतं. खरं निमित्त घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या व्हिडिओचं: बादलीत पांढरट पाणी, त्यात चिकनचे तुकडे, खाली मजकूर, 'फॉर्मालिन! मुडदे टिकवतात ते!' व्हिडिओ कुठला, कधीचा, बादलीत नक्की काय, कशाचाच पत्ता नाही. तरी आत्याने चिकन बंद करून टाकलं.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिलं काम दिलं ते लिहायचं. "कोण घालेल, कशासाठी घालेल, त्यात त्याचा फायदा काय, हे आधी लिहून आणा. बाटल्या नंतर उघडा."

तपासायचे पदार्थ तीन. फॉर्मालिन: अन्नात घालायला परवानगी नाही, विषय संपला. नायट्राइट: सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसात ठरावीक मर्यादेत चालतं, कच्च्या चिकनमध्ये त्याचं काही काम नाही. सल्फाइट: शिळं मांस लाल दिसावं म्हणून वापरलं जातं, जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं.

वाचताना सगळीकडे मासळीच भेटते. जुलै २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मालिन असल्याच्या संशयावरून गोव्यात गदारोळ झाला आणि आयात काही काळ थांबवावी लागली. त्याच सुमारास केरळात 'ऑपरेशन सागर राणी' ही मासळी तपासण्याची मोहीम चालली होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासळी जागच्या जागी तपासायला कागदी पट्टीचा संचही काढला. मासळीला कारण आहे. होडीतून उतरून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत ती मेलेल्या अवस्थेत शेकडो किलोमीटर जाते. कोंबडी जिवंत येते. मॅडमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच असावं असं वाटतंय.

९ जुलै, बुधवार

विजापूर वेशीतली दुकानं. नमुना न घेता नुसतं बघायचं ठरलं होतं, म्हणून एका दुकानाच्या कडेला उभ्या राहिलो. दुकानवाल्या चाचांनी आधी "काय पायजे?" विचारलं, मग "कॉलेजचं काय?" विचारलं आणि स्टूल दिलं.

काम असं चालतं. गिऱ्हाईक पिंजऱ्याकडे बोट दाखवतं. पोरगा कोंबडी काढून काट्यावर ठेवतो, वजन बोलतो. मान कापून पत्र्याच्या नरसाळ्यात उलटी टाकतात, रक्त खाली डब्यात. मग गरम पाणी, मग रबरी बोटांचं पिसं काढायचं मशीन. स्किनलेस हवं असेल तर मशीन नाहीच, कातडीसकट पिसं एका ओढीत सोलून निघतात. ठोकळ्यावर चार-सहा घाव, कलेजी-पोटा वेगळा, बॅरलमधल्या पाण्याची एक बुडी, काळी पिशवी. चहा गार व्हायच्या आत सगळं उरकतं. पिशवी हातात घेतली तेव्हा खालून गरम लागत होती.

चाचांना फॉर्मालिनचं विचारलं. आधी हसले, मग जरा चिडले. "पोरी, कोंबडी हाच माझा फ्रीज. जिती आहे तोवर सडत नाही, दाणा-पाणी टाकलं की झालं. दवा टाकून मी काय टिकवू?"

मग त्यांनी त्यांची कसोटी सांगितली: ज्या मांसावर माशी बसत नाही ते घ्यायचं नाही. ही कसोटी आम्ही घरोघरी ऐकलीय. फॉर्मालिनचा उग्र वास कीटकांना नकोसा असतो हे खरं, पण माश्या पंख्यालाही पळतात आणि फिनाइलच्या पोछ्यालाही. आणि माश्यांनी भरलेलं मांस चांगलं, असा निष्कर्ष काढायला मन धजत नाही.

१२ जुलै, शनिवार

प्राणिशास्त्र विभागातून फॉर्मालिन आणलं. बेडूक आणि साप ज्यात ठेवतात तेच. बाटलीवर ३७ टक्के लिहिलंय, पण तळाला पांढरा साका. फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण. रेणू एकमेकांना जोडून घन पॅराफॉर्माल्डिहाइड होऊ नये म्हणून त्यात मिथेनॉल घालतात. तरी जुनी किंवा थंडीत ठेवलेली बाटली साका धरतेच. म्हणून लेबलवरचा आकडा गृहीत धरून प्रमाण द्रावण करायचं नाही.

सल्फाइट पद्धतीने मोजलं: सोडियम सल्फाइट फॉर्माल्डिहाइडला धरतं, तेवढाच अल्क सुटतो, तो आम्लाने टायट्रेट करायचा, म्हणजे थेंब थेंब आम्ल घालून मोजायचा. थायमॉलफ्थॅलीन या दर्शकाचा निळा रंग गेला की थांबायचं. उत्तर ३७ च्या खाली आलं, साका बघता अपेक्षित होतं.

सगळं काम धूरकपाटात, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा हे सिद्ध. व्हिडिओवाले हेच वाक्य फेकतात. पण तो निष्कर्ष प्रामुख्याने वर्षानुवर्षं त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या अभ्यासांवर उभा आहे. म्हणजे धोका आधी आम्हाला आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळा सहायकाला, चिकन खाणाऱ्याला त्यानंतर. अन्नात ते नकोच, पण भीती योग्य जागी असावी.

१५ जुलै, मंगळवार

नॅश अभिकर्मक: १०० मिलीत अमोनियम असिटेट १५ ग्रॅम, असिटिलअसिटोन ०.२ मिली, ग्लेशियल असिटिक आम्ल ०.३ मिली. तपकिरी बाटली, अंधारात. फॉर्माल्डिहाइड असेल तर ६० अंशांवर अर्ध्या तासात पिवळा रंग येतो आणि तो ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजता येतो.

सल्फ्युरिक आम्लाची जांभळ्या कड्याची चाचणी नको, असं मॅडमचं मत पडलं. ती दुधाची आहे. दुधातल्या प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन आणि आम्लातला लोहाचा अंश त्यात भाग घेतात. मांसाच्या अर्कात आम्ल ओतलं की आधी सगळं करपून तपकिरी होतं, मग जांभळं शोधत बसा.

अर्क असा: ३० ग्रॅम मांस, ६० मिली ६ टक्के ट्रायक्लोरोअसिटिक आम्ल, मिक्सर, गाळणी, सामू ७ वर आणायचा. प्रथिनं खाली बसतात, वर नितळ पाणी. माहीत तीव्रतेच्या प्रमाण द्रावणांचा आलेख काढला, रेघ सरळ आली.

मासळीच्या नियमाबद्दल एक नोंद. समुद्री माशांत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, ते मेल्यावर तुटून आपोआप थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं. म्हणून एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) मासळीला नैसर्गिक फॉर्माल्डिहाइडच्या मर्यादा ठरवल्या: बहुतेक जातींना किलोमागे ४ मिलिग्रॅम, काही ठरावीक जातींना १००. कोंबडीत तो साठा नगण्य, तरी पेशींच्या रोजच्या व्यवहारात फॉर्माल्डिहाइडचा अंश असतोच. त्यामुळे 'शून्य' हा शब्द अहवालात येणार नाही. आमच्या उपकरणाला दिसतं त्याच्या खाली, एवढंच म्हणता येईल.

२० जुलै, रविवार

आखाडातला शेवटचा रविवार. गुरुवारी अमावस्या, शुक्रवारपासून श्रावण. ज्यांना गुरुवार पाळायचाय त्यांची गटारी बुधवारी, बाकी सगळ्यांची आजच. विजापूर वेशीत दुचाकी लावायला जागा नाही, सात रस्त्याकडेही तेच.

आज चित्र वेगळं होतं. एवढ्या गर्दीत कोंबडी निवडा, कापा, सोला हे परवडत नाही. पहाटेच कापून ढीग लावलेले, वरून ओलं फडकं. गिऱ्हाईक फक्त किलो सांगतं. टोकदार सळईचा थर्मामीटर एका ढिगाच्या मधोमध खोचू दिला: ३१ अंश. चिकन ४ अंशांच्या आत असावं. रोज गरम पिशवी हातात पडते तेव्हा ती ऊब ताजेपणाची असते. आजची ऊब हवेची, आणि मांस पहाटेपासून तिच्यात पडलेलं.

नमुने ढिगातून आणि लगेच कापलेल्यातून, असे जोडीने घेतले. बर्फाच्या डब्यातून थेट प्रयोगशाळा. शिपाईमामांनी रविवारी दार उघडलं, त्यांना बदल्यात लेगपीस हवे होते. नमुना देता येत नाही म्हटल्यावर नाराज.

२१ जुलै, सोमवार

ढिगातलं असो की लगेच कापलेलं, एकाही नळीत कोऱ्या (मांसाचा अर्क न घातलेल्या) नळीपेक्षा ठळक पिवळं नाही. शेजारी मुद्दाम फॉर्मालिन घातलेला तुकडा लिंबासारखा पिवळा, म्हणजे अभिकर्मक शाबूत आहे. ढिगातल्या मांसाला मात्र कालच संध्याकाळी किंचित आंबूस वास होता. फॉर्मालिन असतं तर तो आला नसता.

२४ ते २९ जुलै

हा भाग सविस्तर लिहितेय, कारण सगळा प्रकल्प यावर तोललाय. चाचणी नकारात्मक आली म्हणजे फॉर्मालिन नव्हतंच, की होतं आणि आम्हाला दिसलं नाही?

छातीचे सारखे तुकडे केले. काही साध्या पाण्यात, काही विरल फॉर्मालिनमध्ये बुडवून काढले. सगळे शीतकपाटात, झाकून, प्रत्येकावर दोऱ्याने चिठ्ठी.

पहिल्या दिवशी फरक डोळ्यांनीच कळतो. फॉर्मालिनच्या तुकड्याची कड पांढुरकी, अपारदर्शक. बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, रबरासारखं परत येतं. सुरी फिरवताना कड चरचरते. आत मध्यभागी मात्र मांस नेहमीसारखं गुलाबी, मऊ. वास नाकात चढणारा. अर्क कडक पिवळा.

पुढच्या दिवसांत वास उतरत गेला. २८ ला नाक जवळ नेलं तरी खात्रीने सांगता आलं नसतं. अर्काचा पिवळाही फिका पडला. तुकडा मात्र होता तसाच ताठ. याचं कारण रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहेच: फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या अमाइन गटांना, विशेषतः लायसिनला, चिकटतं आणि दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतं. शरीररचनाशास्त्राच्या विभागात मृतदेह टिकतो तो यानेच. एकदा बांधलं गेलं की ते मोकळं राहत नाही आणि नॅशला दिसतं ते फक्त मोकळं.

म्हणून शिल्लक तुकड्यांवर फॉस्फोरिक आम्ल घालून ऊर्ध्वपातन केलं. आम्ल आणि उष्णतेने बांधलेल्यातलं थोडं सुटून वाफेबरोबर आलं, पिवळा परत गडद. सगळं परत आलं का? नाही. पण नुसत्या अर्कापेक्षा नक्कीच जास्त.

यातून कामाच्या दोन गोष्टी. बाजारात मिळणाऱ्या झटपट पट्ट्या पृष्ठभागावरचं ताजं, मोकळं फॉर्मालिन पकडतील. दोन-तीन दिवसांपूर्वीचं निसटू शकतं. आणि २१ जुलैचे सगळे नमुने आता ऊर्ध्वपातन करून पुन्हा बघायचे. राखीव भाग गोठवून ठेवलेत.

बुडवलेले तुकडे कॅन्टीनमागच्या कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून पिवळ्या पिशवीत, कुलूप लावून.

१ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावण. चाचांच्या दुकानात रेडिओ चालू, पिंजरा अर्धा रिकामा. ज्यांचा श्रावण नाही ते गिऱ्हाईक येतंच. उरलेल्या कोंबड्यांचं काय? "माल कमी उचलायचा, दुसरं काय." खप घटला म्हणून त्यांच्याकडे मांस साठत नाही, कोंबड्या थांबतात.

मांस कुठे थांबतं, हे त्यांनीच सांगितलं. हॉटेलांना रोज पोत्याने जाणारं बोनलेस. लग्नाच्या हॉलचं आदल्या रात्री कापलेलं. संध्याकाळच्या चायनीज गाड्यांवरचं मसाला लावलेलं. मॉलमधलं गोठवलेलं पाकीट. आणि टेम्पोतली मरतूक, म्हणजे वाहतुकीत मेलेल्या कोंबड्या. उन्हाळ्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं तेव्हा ती वाढते. "ती आम्ही परत करतो. पुढे कुठं जाते ते मला विचारू नको."

नमुन्यांची यादी बदलली. चौकातल्या दुकानांचे कमी, थांबणाऱ्या मांसाचे जास्त. मॅडमची परवानगी मिळाली, वर टोमणाही: "हेच मी पहिल्या दिवशी लिहून मागितलं होतं." आम्ही लिहिलं होतं की, पान दोन.

५ ऑगस्ट, मंगळवार

नायट्राइट. त्याची चाचणी म्हणजे ग्रीस अभिक्रिया: सल्फानिलअमाइड, मग एनईडी हे दुसरं अभिकर्मक, नायट्राइट असेल तर गुलाबी रंग, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा.

सलामीचं पाकीट अपेक्षेप्रमाणे गडद गुलाबी. पाकिटावर नायट्राइट लिहिलेलंच आहे आणि ते तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू रोखायला असतं. हॉटेल-पुरवठ्याचं बोनलेस कोरं. दोन दुकानांच्या मांसाच्या धुवणात मात्र फिकट गुलाबी. त्याच तुकड्यांच्या आतल्या भागात काही नाही. कुणी जाणूनबुजून लावलं असतं तर एवढं फिकं कशाला ठेवलं असतं? पाणी बघायला हवं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दोन्ही दुकानांतून बाटलीत बॅरलचं पाणी आणलं. शेजारच्या नळाचंही. नळाचं कोरं, बॅरलचं गुलाबी. शहराला नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे बॅरल भरून ठेवावाच लागतो. तो तळापर्यंत कधी रिकामा होत नाही, वरून भर पडत राहते. त्याच पाण्यात मांसाची बुडी. रक्तातल्या नत्रयुक्त पदार्थांपासून अमोनिया, जंतूंच्या हातून अमोनियापासून नायट्राइट. बॅरलच्या आतून हात फिरवला तर बुळबुळीत थर.

म्हणजे 'परिरक्षक' म्हणून शोधलेला गुलाबी रंग घाण पाण्याचा निघाला. टिकवण्याच्या अगदी उलट. अहवालात याला स्वतंत्र परिच्छेद. ज्याने नुसती पट्टी बुडवून 'चिकनमध्ये केमिकल' असं जाहीर केलं असतं, त्याने दुकानदाराचं नाव खराब केलं असतं आणि खरा दोष बॅरलमध्येच राहिला असता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सल्फाइट, मॅलकाइट ग्रीनने. सल्फाइट असेल तर हिरवा-निळा रंग उडतो. कुठेच उडला नाही. ब्रॉयलरच्या छातीत मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) मुळातच कमी, लाली टिकवण्यात कुणाला काय मिळणार? एवढं मात्र नोंदवायचं की सल्फाइट फॉर्माल्डिहाइडला धरून ठेवतं, त्यामुळे ते हजर असतं तर नॅशचे निकालही संशयास्पद झाले असते. म्हणून ही कंटाळवाणी चाचणी गरजेची होती.

गोठवलेल्या पाकिटांबद्दल माझ्या प्रकल्पातल्या जोडीदाराच्या आईचा प्रश्न: शिजवल्यावर हाडाशी लालसर-काळं का दिसतं, केमिकल का? नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतो, हाडं सच्छिद्र. गोठवून वितळवलं की मज्जेतलं रंगद्रव्य बाहेर झिरपतं आणि शिजताना गडद होतं. मांस आतपर्यंत नीट शिजलंय ना, ते वेगळं बघायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गाड्यांवरचं लाल चिकन. मसाल्याच्या रंगाने सरळ अर्क निरुपयोगी, म्हणून थेट ऊर्ध्वपातन. फॉर्माल्डिहाइड नाही. पण हा लाल कशाचा? आमच्या विषयाबाहेरचं, तरी राहवलं नाही. जून २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने कबाबमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, तपासणीत सनसेट यलो आणि कार्मोयसीन सापडल्यावर.

लोकरीची चाचणी केली. जोडीदाराचे वडील अक्कलकोट रोडला डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कामात आहेत. त्यांना पांढरा धागा मागितला तर म्हणाले, "चादरीचा सुती नेऊ नका, हे आम्लातले रंग कापसाला धरत नाहीत. लोकर लागते." पुस्तकात हेच अर्ध्या पानात लिहिलंय. आम्लात उकळलेल्या अर्कातून लोकर लालभडक निघाली, धुतली तरी उतरेना. मिरचीचा नैसर्गिक रंग असा चिकटत नाही.

रंग परिरक्षक नव्हे. पण मांस किती वेळ थांबलंय हे डोळ्यांना कळू न देण्याचं काम तो करतो. परिशिष्टात घेऊ.

२५ ऑगस्ट, सोमवार

जुलैच्या गोठवलेल्या नमुन्यांचं ऊर्ध्वपातन उरकलं. कोऱ्या नळीपेक्षा वेगळं काही नाही. श्रावण शनिवारी संपला, पण परवा गणपती, त्यामुळे बाजार अजून थंडच.

चाचांना निकाल सांगायला गेलो. त्यांना तो लेटरहेडवर हवा होता, फ्रेम करून गल्ल्यावर लावायला. देता येत नाही. आमची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नाही आणि एका दिवसाच्या नमुन्यावरून कुणाला कायमचं प्रमाणपत्र मिळत नसतं. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४० सांगितलं: कुठल्याही गिऱ्हाइकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं, फक्त खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना दोषी निघाला तर शुल्क परत. चाचा म्हणाले, "आणि चांगला निघाला तर? पैसे गिऱ्हाइकाचे गेले, नाव माझं सुधारलं. असं गिऱ्हाईक पाठव की."

बॅरलचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाले. मग पोराला हाक मारून बॅरल आडवा करायला लावला. पाणी गुरुवारी येणार होतं, तोवर दुकानात दोन बादल्याच.

उरलेलं काम: लग्नाच्या हॉलचे नमुने अजून नाहीत. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हाच मिळतील. तोवर ऊर्ध्वपातनात बांधलेल्यातलं किती परत मिळतं, त्याची मोजणी तीन वेगवेगळ्या तीव्रतांवर. मॅडमनी ऊर्ध्वपातनाचा संच गुरुवार-शुक्रवार आमच्या नावावर टाकलाय. गुरुवारी गणपतीच्या दर्शनाला जायचं म्हणतेय जोडीदार, म्हणजे शुक्रवार.